भुवया जातात कुठे? ‘ड्रॅग रेस’विषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’, म्हणजे नटूनथटून स्त्रीरूपात रंगमंचावर येणाऱ्या ‘ड्रॅग’ कलाकारांची टीव्ही-स्पर्धा, पहिल्या पर्वापासून बघायला घेतलं, पण चित्र धुरकट दिसतं आणि मन रमत नाही.

उत्तर : टीव्ही तुमचा ठीक आहे. २००९ साली अमेरिकेतल्या लोगो वाहिनीवर आलेल्या त्या पर्वाला मऊसर फिल्टरच लावलेला आहे. ते मागाहून बघा, सुरुवात सहाव्या पर्वापासून करा. त्यात बियांका डेल रिओ ही स्पर्धक आहे, शिवणकामात मुरलेली. ती नुसती बेतायला बसली तरी बघत राहावं. ‘स्नॅच गेम’ म्हणजे नामवंतांच्या नकलांचा भाग. त्याआधी ज्यांची नक्कल होणार त्यांची एखादी खरी चित्रफीत दोन मिनिटं बघून घ्या. मूळ व्यक्तीच माहीत नसेल तर निम्मी गंमत जाते.

प्रश्न : स्पर्धकांच्या खऱ्या भुवया दिसतच नाहीत. भादरतात का? आम्ही गॅदरिंगच्या नाटकात गोंद लावून पाहिला, तर दिव्यांखाली फुगे आले.

उत्तर : काही जणी भादरतात, पण बऱ्याच जणी चिकटवून झाकतात. त्यासाठी शाळेतली, पाण्याने धुतली जाणारी ग्लू स्टिक वापरा. झटपट चिकटणारा गोंद डोळ्यांजवळ चुकूनही नको. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून त्वचेला सोसते का तेही बघा.

फुगे आले ते जाड थर आतून ओला असताना वर मेकअप चढवल्यामुळे. आधी भुवई साबणाने धुऊन कोरडी करा, कारण तेलकट केस गोंद धरत नाही. मग स्टिक केसांच्या उलट दिशेने फिरवा, म्हणजे गोंद मुळाशी पोचतो. आणि लगेच बारीक कंगव्याने केस वरच्या बाजूला चापून बसवा. असे पातळ थर तीन-चार द्यायचे, पण आधीचा पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. शेवटच्या थरावर पावडर दाबायची. आपल्या काळ्याभोर केसांची निळसर झाक वर येते, ती मारायला फाउंडेशनच्या आधी नारिंगी करेक्टर लागतो. फाउंडेशन मात्र थोपटूनच लावा. घासलंत की खालचा गोंद कणाकणाने सुटतो आणि सगळी मेहनत वाया! काढताना ओढू नका, कोमट पाण्यात भिजवलेला कपडा धरून ठेवा.

झाकलेल्या भुवईच्या बोटभर वर नवी भुवई रेखली की पापणीला रंगवायला दुप्पट जागा मिळते. पडद्यावर ते डोळे एवढे मोठे दिसतात ते यामुळे.

प्रश्न : लिपसिंकमध्ये, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर नुसते ओठ हलवायच्या लढतीत, कोलांट्या मारणारी हरते आणि जागेवर उभी असलेली जिंकते. असं का?

उत्तर : ओठांकडे बघा. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटावेच लागतात; शब्द पाठ नसतील तर तिथेच उघडं पडतं. दुसरी खूण श्वासाची. गायिका श्वास घेते तिथे हिची छाती भरते का? नवव्या पर्वात (२०१७) व्हॅलेंटिना ही स्पर्धक तोंडावर मुखपट्टी लावून उभी राहिली. कार्यक्रमाचे सूत्रधार आणि परीक्षक रूपॉल यांनी गाणं थांबवून पट्टी काढायला लावली, शब्द येत नव्हते हे दिसलं आणि ती बाहेर गेली. त्याच पर्वाच्या महाअंतिम फेरीत साशा वेलूर या स्पर्धकाने व्हिटनी ह्यूस्टनच्या ‘सो इमोशनल’वर आधी हातमोज्यांतून आणि मग विगखालून गुलाबपाकळ्या उधळल्या. युक्त्या पुष्कळ जणी करतात, पण गाणं टिपेला पोचेपर्यंत विग न उचलता थांबणं फार अवघड. मुकुटही तिलाच मिळाला.

प्रश्न : ‘रीडिंग’ या टोमण्यांच्या खेळात एकमेकींचा इतका अपमान करतात, तरी सगळ्या हसतात कशा?

उत्तर : हे शालजोडीतले आहेत. ही रीत न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजातल्या ‘बॉल’ या नटून मिरवण्याच्या स्पर्धांतून आली. नेम धरायचा तो सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर, म्हणजे विग, शिवण, मिरवण्यावर. नुसती शिवी दिली तर कुणी हसत नाही.

प्रश्न : मराठीत यांच्याविषयी बोलताना क्रियापद कुठलं वापरावं, ‘आला’ की ‘आली’?

उत्तर : रंगमंचावरच्या नावाने बोलताना ‘आली’. मेकअप उतरल्यावर ती व्यक्ती स्वतःला जे म्हणवते ते. सगळे पुरुषच असतात असं धरून चालू नका : २०२१ साली ‘ऑल स्टार्स’चं (जुन्या स्पर्धकांना पुन्हा उतरवणाऱ्या स्पर्धेचं) सहावं पर्व जिंकणारी कायली सोनीक लव्ह ट्रान्स स्त्री आहे, तिच्यासाठी मेकअप असो-नसो, ‘आली’च.