वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या शेजाऱ्यांना आपल्या मंडळाशी कसं जोडून घ्यावं?

ताई, तुम्ही विचारलंय की नाशिकच्या सिडकोतल्या तुमच्या महिला मंडळाच्या आसपास यूपी-बिहारची, नेपाळची आणि पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातली बरीच कुटुंबं राहतात, दरवेळी आमंत्रण देता, तरी कार्यक्रमाला कुणी फिरकत नाही. मी सातपूरला अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. सगळी नोकरी कामगार वस्तीत झाली. तिथे जे पाहिलं तेच सांगते.

आधी मला सांगा, त्यांच्यापैकी कुणाच्या घरात तुम्ही टेकलायत का? दारात उभं राहून पत्रिका देणं धरू नका. मीही सुरुवातीची कितीतरी वर्षं दारातूनच बोलायचे. आहाराची पाकिटं द्यायची, रजिस्टरवर अंगठा घ्यायचा, की पुढचं दार.

डोळे उघडले ते एका लसीच्या कार्डामुळे. बिहारमधल्या चंपारणहून आलेली विशीतली एक पोरगी, बाळाला दोनदा लसीला आणलं नाही. मी चारचौघींत तिला बोलले. तिने पदर आणखी पुढे ओढला आणि गप्प राहिली. शेजारीण म्हणाली, तिला वाचता येत नाही. घरी गेले तर कार्ड पिठाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक घडी न पडता ठेवलेलं. इतकं जपलेलं, आणि त्यावरचं एक अक्षर तिच्या कामाचं नव्हतं. मला फार लागलं ते. तिथेच खाली बसून भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेनाने गोल केला. हा दिवस आला की यायचं, एवढंच सांगितलं. ती आदल्या दिवशीच विचारायला आली, "दीदी, आज है कि कल?" पुढे त्या चाळीतल्या बायकांना लसीला घेऊन यायची ती हीच. माझ्या दहा चकरांनी जे झालं नाही ते तिच्या एका हाकेने व्हायचं. तुम्हालाही अशी एक बाई शोधावी लागेल, आणि ती सापडली की तिला नुसतं निरोप पोचवायला ठेवू नका. कार्यक्रम काय करायचा, कधी करायचा, हे ठरवताना तिला बैठकीत बसवा.

कधी करायचा यावरून आठवलं. रविवारी संध्याकाळी पाचला हळदीकुंकू ठेवलंत, तर या बायका येणार कशा? आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी शनिवारी असते. शिवाय हळदीकुंकू म्हटलं की मुसलमान घरातली बाई येणार नाही, विधवा येणार नाही. आम्ही नुसतं 'तिळगूळ' म्हणायला लागलो, तेव्हा दोघीही आल्या.

पेठ-सुरगाण्याच्या लोकांचं वेगळं आहे. भात कापून झालं की ती माणसं डोंगरातून खाली कामाला येतात, द्राक्षबागांत, बांधकामावर. ती त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. त्या एका शब्दात सगळं आलं. शिमग्याला ती घरी जाणारच, तेव्हा त्या आठवड्यात काही ठेवू नका. आणि त्यांची कोकणी बोली (गोव्याची नव्हे, कोकणा आदिवासींची) ऐकून आपल्यातलं कुणी हसलं, तर त्यांची पोरं पुन्हा तोंड उघडत नाहीत. मी हे वर्गात पाहिलंय. मुलं मध्येच शाळा सोडून आली असतील तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड आणलंय का विचारा. ते असलं की इथल्या शाळेत बसवणं सोपं जातं.

नेपाळी वॉचमनला नावाने हाक मारा. बहादूर आणि कांचा ही त्याची नावं नव्हेत.

मंडळात कुणीतरी म्हणेलच, आलेत कुठून तरी, जातील परत. शरणपूर रोडने आपण रोज जातो. ते शरणपूर १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेल्या इंग्रजी मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनचं शव घेऊन लंडनपर्यंत गेला. बाहेरून आलेल्याला जागा देणं नाशिकला नवीन नाही. पण २००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीय कामगार जीव मुठीत धरून याच शहरातून निघून गेले, तेही याच नाशिकने पाहिलं. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांना गावी नेणाऱ्या पहिल्या श्रमिक रेल्वेंपैकी एक नाशिकरोडहूनच भोपाळला सुटली. ज्यांनी हे भोगलं, ते तुमच्या रजिस्टरवर नाव-पत्ता लिहायला कचरणारच. पहिल्या भेटीत आधार कार्ड मागू नका, फोटो काढू नका.

आणि भाषणं नकोत, कामाचं काहीतरी द्या. कितीतरी बायकांना वाटतं की रेशन कार्ड गावाकडचं, म्हणजे इथे उपयोग नाही. आता बिहारच्या कार्डावर इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. गावी सासू-सासरे असतील तर त्यांचा वाटा ते तिकडे उचलू शकतात. दुकानदार नाही म्हणाला तर तिच्यासोबत तुमच्यातल्या दोघी जा. मराठी बोलणारी बाई शेजारी उभी असली की बोलणं बदलतं.

आम्ही छठला काय केलं तेही सांगते. रामकुंडावर पहाटे अर्घ्य द्यायला बायका ओल्या साडीने काकडत उभ्या असायच्या, कपडे बदलायला आडोसा नसायचा. त्या ३६ तास पाणीसुद्धा घेत नाहीत. आम्ही सहा जणी जुन्या साड्यांचे पडदे आणि चार बांबू घेऊन गेलो, एवढंच. त्यांनी आम्हाला ठेकुआ, म्हणजे छठचा गोड प्रसाद, दिला. पुढच्या संक्रांतीला बोलवायला गेले तर त्या विचारत होत्या, लाडू किती करायचे, गूळ आम्ही आणू का.

छठचं मुख्य अर्घ्य भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी असतं. त्याआधी, दिवाळीच्या फराळाचं ताट घेऊन एक-दोन घरी जा, बसा, आणि अर्घ्याची सुपं कुठून आणता ते विचारा.