तालमीच्या नावाआधी कंपनीचं नाव लावावं का?

प्रश्न : आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा हंगामाचा सगळा खर्च उचलायला एक उद्योजक तयार आहेत. अट एकच, त्यांच्या कंपनीचं नाव तालमीच्या नावाआधी लागलं पाहिजे. जुनी मंडळी ऐकायला तयार नाहीत. पोरं म्हणतात, कोलकात्याच्या मोहन बागान क्लबनंसुद्धा नाव बदललंच की! काय करावं?
– एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : पोरांनी दाखला दिला, पण अर्धाच. त्या काळात मी नोकरीनिमित्त कोलकात्यात होतो. २०२० मध्ये इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतला (आयएसएल) कोलकात्याचाच संघ एटीके आणि मोहन बागान एकत्र आले. नव्या कंपनीत ८० टक्के वाटा एटीकेचे मालक, उद्योगपती संजीव गोएंका यांच्या समूहाचा, २० टक्के क्लबचा. हिरवा-मरून रंग तोच राहिला, बोधचिन्हातली होडीही राहिली. नावाआधी फक्त ‘एटीके’ आलं.

त्या तीन अक्षरांनी शहर पेटलं. १८८९ चा क्लब, १९११ साली गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड ही मानाची फुटबॉल स्पर्धा जिंकलेला; त्याच्या डोक्यावर २०१४ मध्ये जन्मलेल्या संघाचं नाव! आमच्या कचेरीतल्या एका शिपायानं नवी जर्सी घेतली आणि बोधचिन्हातल्या ‘एटीके’वर हिरवी चिकटपट्टी लावली. धुतली की पट्टी सुटायची, तो पुन्हा नवी लावायचा. गॅलरीत ‘रिमूव्ह एटीके’चे फलक झळकायचे. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला संघानं आयएसएल जिंकली आणि त्याच रात्री गोएंकांनी एटीके काढल्याचं जाहीर केलं. नवं नाव मोहन बागान सुपर जायंट. म्हणजे पुढचं गेलं, मागं शेपूट आलं. आयपीएलमधला पुण्याचा सुपरजायंट आठवत असेल, तो याच समूहाचा.

त्याआधी १९९८ मध्ये मद्य कंपनीच्या पैशामुळे हाच क्लब ‘मॅकडॉवेल मोहन बागान’ झाला होता. तेही नाव गेलं.

तुमच्या उद्योजकांना हेच सांगा. लोकांच्या तोंडी आपलं नाव यावं म्हणून ते पैसे घालतायत. कोलकात्यात तेच नाव लोकांना नकोसं झालं. इंग्लंडात हल सिटीच्या मालकानं ‘हल टायगर्स’ करायचं ठरवलं, तिथंही समर्थक विरोधात उभे राहिले आणि २०१४ मध्ये फुटबॉल संघटनेनं परवानगी नाकारली.

माझं मत स्पष्ट आहे, नाव देऊ नका. जर्सीची छाती द्या, सरावाचे कपडे द्या, स्पर्धा भरवत असाल तर चषकाला त्यांचं नाव द्या. करार लेखी करा, मुदत घाला. केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) संघाची नोंद मात्र तालमीच्याच नावानं राहू द्या. जुन्या मंडळींना हट्टी म्हणू नका. त्यांनी वर्गणी काढून हा संघ टिकवलाय. आणि सही करण्याआधी त्या उद्योजकांना एकदा शाहू स्टेडियमवर, पेठेची पोरं बसतात त्याच बाजूला, पूर्ण सामनाभर बसवा. अटीचं बोलणं त्यानंतर करा.