कारच्या दारासाठी फायबरग्लासचे स्पीकर माउंट
रेझिनचा (कापडात मुरून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा) डबा उघडण्यापूर्वी दाराची काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरचे चुंबक आणि काच यांमधील अंतर मोजावे. माझे पहिले माउंट दिसायला देखणे झाले होते, पण काच अर्ध्यावरच चुंबकाला अडकली. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) आणून त्यातून स्पीकर बसेल असे गोल कडे कापावे, त्यावर फ्लीसचे (मऊ, लवदार) कापड ताणून स्टेपल करावे आणि मगच त्याला पॉलिएस्टर रेझिन पाजावे. १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) पुरतो. मात्र पुण्यातील मे महिन्याच्या दुपारी वाटीतले रेझिन ब्रश फिरवेपर्यंत जेलीसारखे घट्ट होते आणि वाटी हाताला चटका देते, म्हणून सकाळीच, थोडेथोडे मिश्रण करून काम उरकावे. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे द्रावण) वेगळा मिळाला असेल, तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा. तो थेट हार्डनरमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो. कापड कडक झाल्यावर मागून रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरग्लास मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन-तीन थर द्यावेत. दाराच्या आत पावसाचे पाणी उतरतेच, त्यामुळे एमडीएफची प्रत्येक उघडी कड, अगदी स्क्रूची भोकेसुद्धा, रेझिनने बंद करावी, अन्यथा ती पावासारखी फुगते.