डॅशहाऊंड गावात घ्यावा का? माझं मत, जरा सविस्तर

भाऊ, तुम्ही विचारलंय की हिंगणघाटजवळ गाव आहे, घरी आई आणि दोन पोट्टे, घरामागे कोठा, तर डॅशहाऊंड कुत्रा कसा राहील? लहान जात, आईच्या पायाशी पडून राहील असं तुम्हाला वाटतं. घ्या, पण पडून राहण्याची आशा सोडा.

ही जात जर्मनीत तयार झाली ती बिळात शिरून बॅजरला, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका दांडग्या जनावराला, भिडण्यासाठी. आखूड पाय, लांब अंग, खोल आवाज, सगळं त्याच कामाचं. म्हणून उंदीर, मुंगूस, शेजाऱ्याची कोंबडी, काही दिसलं की हा मागे. अंगण उकरणारच. हाक मारली तर वळून बघेल, अन् पुन्हा उकरत बसेल. घरातल्या एका माणसावर फार जीव लावतो, परक्यावर मात्र भुंकतो, कधी दातही लावतो. अमेरिकेत २००८ साली आलेल्या एका जातवार अभ्यासात माणसांवर आणि दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाण्यात याचा नंबर वरचा होता. लहान आहे म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पोट्ट्यांना सांगून ठेवा, तो जेवताना कोणी हात लावायचा नाही.

खरी काळजी पाठीची. पाय आखूड करणाऱ्या त्याच गुणामुळे मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात आणि सरकतात, बहुतेक वेळा ३ ते ७ वर्षांच्या वयात. बाजेवरून, ओट्यावरून उड्या बंद. आमच्या घरी बाजेला लागून कुटाराचं अर्धं भरलेलं पोतं आडवं टाकलेलं असतं, आमची काळी मादी त्यावरूनच चढते-उतरते. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी राहिली पाहिजे. पुढच्या दोन पायांना धरून लोंबकळत उचलायचं नाही, पोट्टे नेमकं तेच करतात. उचलताना किंकाळला, चालताना मागचे पाय लडखडले, तर तेल चोळत बसू नका. हलू न देता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मागचे पाय पूर्ण गेले तर रात्रीची सकाळही करू नका.

वजन वाढलं की पाठ गेलीच समजा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. ज्वारीची भाकर चालते, पण नुसत्या भाकर-दुधावर ठेवू नका, अंडं किंवा उकडलेलं मटण-चिकन हवं. रश्शातली भाकर अजिबात नाही. कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतात. मनुकाही नको.

उन्हाळ्याचं तुम्हाला काय सांगावं! पारा ४५ च्या पुढे जातो आणि याचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर. फिरवायचं ते ऊन चढायच्या आत, दुपारी कूलरच्या खोलीत.

पावसाळ्यात गोचीड. इथे एक गोष्ट ठासून सांगतो: कपाशीवर फवारायचं औषध किंवा बैलांचं गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्याला लावू नका, जीव जातो. कुत्र्यासाठीचंच औषध डॉक्टरकडून आणा. गोचिडानंतर सुस्त पडला, खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त तपासून घ्या. लोंबते कानही आठवड्यातून एकदा उघडून बघा, वास आला की आत काहीतरी बिघडलंय.

बिळात नाक घालायची सवय असल्याने घोणस-नागाची भीती याला इतर कुत्र्यांपेक्षा जास्त. कोठ्यात, कुटाराच्या ढिगाकडे एकटा सोडू नका. साप चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं नको. गाडी काढा आणि निघतानाच फोन करून सर्पदंशाची लस कुठे आहे ते विचारा. उंदराचं औषध घरात टाकत असाल तर ते आधी बंद.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आणू नका, आणि त्याची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आई अंगावर येत असेल तर परत या. ठिपकेदार रंगाचं पिल्लू घेणार असाल तर आई-बाप दोघंही ठिपकेदार नाहीत ना, हे विचाराच. तशा जोडीच्या पिल्लांमध्ये आंधळी-बहिरी निघण्याचा धोका मोठा असतो, आणि विकणारा आपणहून ते सांगत नाही.