बाल्फोरच्या पत्रात नेमकं काय होतं?

प्रश्न : ब्रिटिशांनी १९१७ साली ज्यूंना पॅलेस्टाईन लिहून दिलं, असं आमच्या वाचनकट्ट्यावर ठामपणे सांगितलं गेलं. खरं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लिहून दिलं नव्हतं, आणि देणार तरी कुठून? २ नोव्हेंबरला परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी ब्रिटनमधले ज्यू पुढारी लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र धाडलं, तेव्हा जेरुसलेम तुर्कांकडेच होतं. ते पडलं ९ डिसेंबरला. खरी मेख शब्दांत आहे. ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय घर’ म्हटलं, ‘राज्य’ नाही. अरबांचं तर नावच नाही! ‘तिथले बिगर-ज्यू समाज’ एवढाच उल्लेख, आणि हमी फक्त नागरी व धार्मिक हक्कांची. ‘राजकीय’ हा शब्द त्यांच्या वाट्याला आलाच नाही. १९२२ च्या जनगणनेत ७,५७,१८२ लोकांत ज्यू ८३,७९४ होते, हे लक्षात घ्या. संस्थानी करारनामे चाळलेल्या कोल्हापूरकरांना ही कलमबाजी नवी नाही.

त्याच १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) हा मजकूर मँडेटमध्ये, म्हणजे पॅलेस्टाईनचा कारभार ब्रिटनकडे सोपवणाऱ्या सनदेत, घातला आणि आश्वासनाचं बंधन झालं. १९३९ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिशांनी पाच वर्षांत ७५,००० ज्यू स्थलांतरितांची मर्यादा घातली. त्यावर दोन्ही बाजू भडकल्या. १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांतल्या पॅलेस्टाईन फाळणी ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं होतं.