वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत पोटात नेमके काय करतात? स्लीव्ह आणि बायपास यांतून निवड कशी करावी?

आपण लिहिले आहे की आपल्या ताईंचे वय 46, उंची 158 सेंटिमीटर आणि वजन 108 किलो आहे, त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि रात्री आडवे झाल्यावर छातीत जळजळ होते. एका सर्जनने स्लीव्ह सुचवली, दुसऱ्याने मिनी बायपास, आणि दोन्हीकडे ‘दुर्बिणीतून चार-पाच छिद्रे, दोन-तीन दिवसांत घरी’ यापलीकडे काही समजावले गेले नाही. मी जनरल सर्जन आहे आणि बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांमध्ये सहायक म्हणून नेहमी उभी असते. ताईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या सर्जनशी बोलूनच घ्यावा लागेल. तरीही आपण दिलेल्या माहितीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रात्रीची जळजळ, आणि तिचे कारण समजण्यासाठी आत काय केले जाते हे आधी पाहावे लागेल.

सुरुवात दोन्ही शस्त्रक्रियांमध्ये सारखीच असते. सुमारे दोन आठवडे आधीपासून कमी उष्मांकाचा, प्रथिने पुरेशी असलेला आहार देतात. त्यामागचे कारण असे की यकृताचा डावा भाग जठराच्या वरच पसरलेला असतो, स्थूल व्यक्तीत तो चरबीने फुगलेला असतो, आणि या आहाराने तो लहान झाला नाही तर जठराचा वरचा कोपरा दुर्बिणीला नीट दिसत नाही. हा आहार घरच्यांनी गांभीर्याने पाळून घ्यावा, कारण त्याचा फरक आम्हाला कॅमेरा आत जाताच कळतो. पूर्ण भूल दिल्यावर टेबल डोक्याकडून उंच करतात म्हणजे आतडी खाली सरकतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, आणि छिद्रांतून कॅमेरा व उपकरणे आत घालतात.

स्लीव्हमध्ये जठराच्या बाहेरच्या, फुगीर कडेला चिकटलेला चरबीचा पडदा आणि त्यातल्या रक्तवाहिन्या प्रथम सोडवतात. प्लीहेजवळच्या आखूड रक्तवाहिन्या येतात तेव्हा सगळ्यांचेच हात सावध होतात, कारण तिथे रक्तस्राव झाला तर तो आवरणे अवघड असते. मग भूलतज्ज्ञ तोंडावाटे बूजी नावाची मऊ नळी जठरात सरकवतात. तिची जाडी साधारण 32 ते 40 फ्रेंच (नळ्यांच्या जाडीचे माप), म्हणजे जेमतेम 11 ते 13 मिलिमीटर असते. जठराच्या खालच्या दारापासून काही सेंटिमीटर अंतर सोडून, या नळीच्या कडेने वरपर्यंत स्टेपलर चालवतात. स्टेपलर एकाच वेळी दोन्ही बाजूंना टाक्यांच्या रांगा मारतो आणि मधून पाते फिरवून कापतो. खाली जठराची भिंत जाड असते म्हणून तिथे उंच टाक्यांचे काडतूस घेतात, वर भिंत पातळ होत जाते तसे कमी उंचीचे. जबडा मिटल्यावर लगेच फायर न करता काही सेकंद थांबतात, म्हणजे ऊतीतले पाणी दाबले जाऊन टाका नीट बसतो. हे थांबणे बाहेरच्या माणसाला कळणारही नाही, पण चांगला सर्जन घाईच्या दिवशीसुद्धा ते टाळत नाही. जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो आणि उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात तयार होत असल्यामुळे भूकही मंदावते.

ही शस्त्रक्रिया सुरुवातीला स्वतंत्र उपाय म्हणून आलेली नव्हती. अतिस्थूल रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया एकदम सोसत नाही म्हणून पहिल्या टप्प्यात फक्त जठर लहान करायचे आणि वजन उतरल्यावर आतड्याचे काम करायचे, असा तो बेत होता. पुष्कळ रुग्णांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही, आणि स्लीव्ह स्वतंत्रपणे रूढ झाली.

आता जळजळीकडे येते. स्लीव्हनंतर जठर अरुंद होते पण त्याचे खालचे दार तसेच राहते, त्यामुळे आतला दाब वाढतो. शिवाय अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला नैसर्गिक कोन बिघडू शकतो. परिणामी आम्ल वर येण्याचा त्रास असलेल्यांचा त्रास वाढू शकतो, आणि ज्यांना नव्हता त्यांतल्या काहींना तो नव्याने सुरू होतो. फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये स्लीव्ह व बायपासची पाच वर्षे तुलना केलेले दोन अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. वजनातला फरक त्यांत फार मोठा नव्हता, पण स्विस अभ्यासात आम्लाचा त्रास बायपासनंतर अधिक जणांचा कमी झाला आणि स्लीव्हनंतर अधिक जणांचा वाढला. म्हणून ताईंची एंडोस्कोपी झाल्याशिवाय स्लीव्हला होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अन्ननलिकेला सूज आहे का, हर्निया आहे का, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकला आहे का, अस्तर बदलले आहे का, हे त्यात दिसते.

बायपासची कल्पना अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी 1960 च्या दशकात मांडली. आज रू-एन-वाय या नावाने जी पद्धत चालते तिच्यात अन्ननलिकेखाली जठराची साधारण 30 मिलिलिटरची लहान पिशवी वेगळी करतात. उरलेले जठर आतच राहते, फक्त अन्न त्यात जात नाही. मग लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक वर आणून पिशवीला जोडतात, आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस आणणारा भाग साधारण 100 ते 150 सेंटिमीटर खाली जोडतात. पित्त इतक्या लांबून पिशवीपर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि पिशवीत आम्लही फारसे तयार होत नाही, म्हणून जळजळीच्या रुग्णांना ही पद्धत मानवते. आतड्यांची अशी मांडणी केल्यावर त्यांच्या पडद्यांमध्ये फटी राहतात. वजन उतरल्यावर त्या रुंदावतात आणि आतडे त्यात अडकून पिळले जाऊ शकते, म्हणून त्या टाक्यांनी बंद कराव्यात. थकलेल्या टीमला हे शेवटचे टाके कंटाळवाणे वाटतात, पण काही वर्षांनी मध्यरात्री येणारी पोटदुखी टाळण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

मिनी बायपासमध्ये पिशवी लांब ठेवतात आणि आतडे न कापता, सुरुवातीपासून साधारण 150 ते 200 सेंटिमीटरवर, एकाच ठिकाणी तिला जोडतात. जोड एकच असल्यामुळे वेळ कमी लागतो, आणि वजन व साखर दोन्ही चांगली उतरतात. भारतात ही पद्धत बरीच होते. मात्र पित्त त्याच जोडावरून वाहते, त्यामुळे काहींना पित्त वर येण्याचा त्रास होतो, आणि वगळलेला भाग फार लांब असला तर जुलाब व प्रथिनांची कमतरता उद्भवते. ताई शाकाहारी असतील तर हा मुद्दा अधिकच गंभीरपणे विचारात घ्यावा. जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत आता मागे पडली आहे, आणि ड्युओडेनल स्विचसारख्या, आतड्याचा बराच मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियांची गरज ताईंच्या वजनाला सहसा पडत नाही.

एंडोस्कोपीत हर्निया किंवा सूज निघाली तर माझा कल रू-एन-वायकडे राहील. अन्ननलिका पूर्ण स्वच्छ निघाली आणि जळजळ किरकोळ ठरली, तर बाकीच्या दोन्ही पर्यायांवर चर्चा होऊ शकते, पण जुन्या मधुमेहात बायपासचे पारडे तरीही थोडे जड राहते. सर्जनना पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात: किती लांबीचे आतडे वगळणार आणि एकूण लांबी मोजणार का, पडद्यातल्या फटी बंद करणार का, हर्निया आढळल्यास त्याच वेळी दुरुस्त करणार का, आणि जोड गळतो की नाही हे टेबलावरच हवा किंवा निळा रंग भरून तपासणार का. गळती फार कमी रुग्णांत होते, पण झाली तर जीवावर बेतू शकते. घरी आल्यावर नाडी सतत 120 च्या वर राहिली, ताप आला किंवा डाव्या खांद्यात दुखू लागले, तर फोनवर सल्ला घेत न बसता त्यांना थेट रुग्णालयात न्यावे.

बायपासनंतर साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांतच खाली येऊ लागते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन जुन्या मात्रेत चालू ठेवू नये. डिस्चार्जच्या कागदावर नवी मात्रा लिहून घ्यावी. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते व वर्षातून एकदा तरी रक्त तपासावे लागते. सतत उलट्या होत असतील तर थायमिनची (बी-1 जीवनसत्त्वाची) कमतरता होऊन मज्जातंतूंना इजा पोहोचू शकते, त्यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत आणि तंबाखू किंवा मिश्रीची सवय असल्यास ती आधीच सुटलेली असावी, कारण जोडावर अल्सर होण्याची शक्यता या दोन्हींमुळे वाढते.