वस्तीचा नकाशा आणि जनगणना एकत्र वाचा

वस्तीच्या प्रकारांच्या व्याख्या पाठ करण्याआधी स्थलदर्शक नकाशा, म्हणजे डोंगर, पाणी, रस्ते, घरं दाखवणारा नकाशा, उघडा. कोकणात वाड्या विखुरलेल्या दिसतील. डोंगरउतार, जागोजागी मिळणारं पाणी, घराभोवतीची बाग. देशावर पाणी मोजक्या ठिकाणी, म्हणून गावठाण एकवटलेलं. रस्त्याकडेची रेषाकृती वस्ती तर कुठेही सापडेल. आकृतिबंध, म्हणजे वस्तीची मांडणी, ओळखलात की लगेच कारण विचारा, खरा अभ्यास तिथेच आहे.

लोकसंख्यावाढ म्हणजे फक्त जन्म वजा मृत्यू नव्हे. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्के वाढली, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाची घटली! रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुंबईकडे कामाला गेलेले चाकरमानी या आकड्यांत दिसतात. जनगणनेतला स्थलांतराचा रकाना कधीही सोडू नका.